पाल्याचा काढा, चांदीचे कण

दिवाळीच्या आधी भंडाऱ्यातल्या घराघरांत माळ्यावरचे पितळी गुंड खाली उतरतात. चिंचेचा कोळ, चिमूटभर मीठ, नारळाची शेंडी. दोन हात मारले की काळवंडलेलं पितळ पिवळंधमक दिसू लागतं. त्याच स्वयंपाकघरात आवळा लोखंडी विळीवर चिरला की उलटा प्रकार होतो. पातं आणि फोड, दोन्ही काळेनिळे पडतात. चिंचेतलं आम्ल पितळेवरचा काळा थर विरघळवतं, तर आवळ्यातलं टॅनिन लोखंडाला जाऊन चिकटतं. हिरडा आणि हिराकस उकळून शाई करणाऱ्या जुन्या कारकुनांनाही हे ठाऊक होतं. रसायनशास्त्र हा शब्द त्यांनी वापरला नसेल एवढंच.

भंडाऱ्यात धातूही हाताशी आहे आणि पालाही. शहराची ओळख पितळेची. कासारांच्या भट्ट्या कमी झाल्या तरी ‘पितळेचं शहर’ हे नाव टिकून आहे. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मँगनीजच्या खाणी. कोका अभयारण्याकडे वळलं की ऐन, अर्जुन, हिरडा, बेहडा, मोह. ऐन-अर्जुनाच्या पाल्यावर कोशाच्या अळ्या पोसतात आणि त्या कोशाच्या धाग्यावर मोहाडी-आंधळगावचे माग चालतात. अळीला पोसणाऱ्या याच झाडांचा पाला आणि साल गेली वीस-बावीस वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांत वेगळ्याच कामाला लागली आहे: काढा करून त्यात सोन्या-चांदीचे नॅनोकण तयार करायचे आणि ते कॅन्सरच्या पेशींवर घालून पाहायचे.

प्रयोग दिसायला इतका सोपा की चांगली सोय असलेल्या तालुक्याच्या महाविद्यालयातही तो होतो. ताजा पाला आधी नळाच्या पाण्याने, मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुवायचा. बारीक चिरून काही मिनिटं उकळायचा, फडक्याने आणि मग गाळणकागदाने गाळून घ्यायचा. दुसरीकडे सिल्व्हर नायट्रेटचं अगदी पातळ द्रावण. एक लिटर पाण्यात साधारण ०.१७ ग्रॅम, म्हणजे चिमटीच्याही कोपऱ्यात मावेल एवढं. थेंब बोटावर पडला तर मात्र उन्हात डाग काळा होतो आणि चार-पाच दिवस साबणाला दाद देत नाही. या निवळशंख द्रावणात काढ्याचे काही थेंब पडले की रंग पालटू लागतो. आधी फिकट पिवळा, मग मधासारखा, मग कोऱ्या चहासारखा तपकिरी. चांदीऐवजी सोन्याचा क्षार असेल तर डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल किंवा जांभळा. बाटलीतून लेझर पॉइंटरचा किरण सोडला तर धुक्यात मोटारीच्या दिव्याचा झोत दिसावा तशी त्याची वाट दिसते. साध्या पाण्यातून ती दिसत नाही. आत काहीतरी तरंगतंय याची ही पहिली खूण.

बाटलीत काय घडलं? क्षार पाण्यात विरघळला तेव्हा चांदीच्या प्रत्येक अणूने आपला एक इलेक्ट्रॉन गमावलेला होता. पाल्यातली पॉलिफिनॉल वर्गातली द्रव्यं, म्हणजे टॅनिन, फ्लॅव्होनॉइड आणि त्यांची भावंडं, इलेक्ट्रॉन द्यायला तयारच असतात. तो मिळाला की चांदीचा अणू पुन्हा धातू होतो आणि शेजारच्या अणूला बिलगतो. असे हजारो, लाखो अणू एकत्र आले की कण बनतो. तो वाढतच राहिला तर तळाशी काळा गाळ बसेल आणि प्रयोग फुकट जाईल. पण काढ्यातली प्रथिनं, डिंकासारखी द्रव्यं कणाभोवती लपेटून बसतात आणि त्याची वाढ थांबवतात. घडवणारा आणि आवरणारा, दोन्ही एकाच काढ्यात. रसायनशास्त्रज्ञांना भुरळ पडली ती या सोयीची.

आकाराची कल्पना धानावरून येईल. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. सहा मिलिमीटर लांबीच्या तांदळाच्या दाण्यावर २० नॅनोमीटरचे कण एका रांगेत ठेवायचे म्हटले तर तीन लाख कण लागतील. एवढ्या लहान झालेल्या सोन्याचा रंगही सोन्याचा राहत नाही. मायकेल फॅरेडेने १८५७ साली लंडनमध्ये सोन्याचं असं लाल द्रावण करून दाखवलं होतं.

या कामाचा एक महत्त्वाचा पत्ता महाराष्ट्रातला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, एस. शिवशंकर, अबसार अहमद आणि त्यांचे सहकारी २००० नंतरच्या त्या वर्षांत बुरशी आणि पाने यांच्या मागे लागले होते. अमेरिकेत टेक्सासमधल्या गार्डिया-टोरेसडे यांच्या गटाने २००२ साली अल्फाल्फा, म्हणजे लसूणघासाच्या कोंबांत सोन्याचे कण तयार होतात हे दाखवलं होतं. पुणेकरांनी जिवंत रोपाऐवजी पानांचा काढा घेतला. २००३ मध्ये जिरेनियम, २००४ मध्ये कडुनिंब, पुढे चिंच, आवळा, कोरफड. वैद्याच्या पडवीतली यादी वाटावी अशीच ती होती. आवळा आणि चिंचेवरच्या कामात बालाप्रसाद अंकमवार होते, ज्यांनी पुढे पुणे विद्यापीठात हेच काम चालू ठेवलं.

सगळ्यात गाजला तो गवती चहा. अंगणात असतो तोच. २००४ साली ‘नेचर मटेरिअल्स’ या नियतकालिकात आलेल्या निबंधात शास्त्री यांच्या गटाने दाखवलं की गवती चहाच्या काढ्यात सोन्याचे नुसते गोळे होत नाहीत, तर पातळ, चपटे त्रिकोणही होतात. हे त्रिकोण डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश शोषून घेतात. कॅन्सरचा धागा इथे जुळतो. हा प्रकाश मांसातून बऱ्यापैकी आत जातो. गाठीत सोन्याचे योग्य आकाराचे कण असतील तर ते तापतात आणि आसपासच्या पेशी भाजून निघतात. अमेरिकेत सोन्याचा मुलामा दिलेले सिलिकाचे कण वापरून प्रोस्टेट कॅन्सरच्या १६ रुग्णांवर केलेल्या अशा उपचाराचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ते कण मात्र पाल्याच्या काढ्यातले नव्हते, रसायनशाळेत ठरावीक मापाने बनवलेले होते. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

चांदीची रीत वेगळी. तिचे कण पेशीत शिरले की हळूहळू चांदीचे आयन सोडत राहतात. पेशीत ऑक्सिजनचे आक्रमक रेणू वाढतात, ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया कोलमडतात, डीएनएला इजा होते आणि पेशी मरते. पण चांदीला कॅन्सरची पेशी आणि यकृताची निरोगी पेशी यांतला फरक आपोआप कळत नाही.

विदर्भात या क्षेत्रातलं मोठं नाव अमरावतीचं. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या जैवतंत्रज्ञान विभागात महेंद्र राय आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बुरशीपासून, नंतर वनस्पतींपासून चांदीचे कण बनवण्यावर वर्षानुवर्षं काम केलं. फड्या निवडुंगाचा रसही त्यांनी वापरून पाहिला. अलका यादव आणि अनिकेत गाडे यांच्यासह राय यांनी २००९ साली लिहिलेला, चांदीच्या कणांच्या जंतुनाशक गुणांवरचा आढावा जगभर उद्धृत केला जातो. भंडाऱ्याहून नागपूरकडे गेलं की जवळच कामठी. तिथल्या पोरवाल महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागातून वनस्पतींच्या अर्काने तांब्याच्या ऑक्साइडचे कण तयार केल्याचे निबंध आले आहेत. पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाळू चोपडे यांच्या गटाने रानातला कडू करांदा घेतला. त्याच्या कंदाच्या अर्काने आधी चांदीचे आणि पुढे प्लॅटिनम-पॅलेडियमचे कण बनवले. या दुसऱ्यांची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशींवर परीक्षा झाली. मोहाच्या फुलांचा अर्कही चांदीसाठी वापरला गेला आहे. मोहाचा हा उपयोग ऐकून भंडारा-गोंदियातल्या जुन्या मंडळींच्या भुवया नक्की वर जातील.

आता त्या ‘पेशींवरच्या परीक्षे’कडे जरा जवळून पाहायला हवं, कारण वर्तमानपत्रातला घोळ तिथेच सुरू होतो.

भारतातल्या बहुतेक संशोधकांना लागणाऱ्या कॅन्सरपेशी पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून येतात. हेला नावाच्या पेशी १९५१ साली बाल्टिमोरमधल्या हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतून घेतलेल्या. ती गेली, पेशी अजून वाढताहेत. एमसीएफ-७ या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी डेट्रॉइटच्या. तळहातावर मावणाऱ्या प्लॅस्टिकच्या ताटलीत ९६ खळगे असतात. प्रत्येकात काही हजार पेशी, वर त्यांचं खाद्य, आणि मग कमी-जास्त मात्रेत नॅनोकण. एक-दोन दिवसांनी पिवळं रंगद्रव्य घालतात. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात, मेलेल्या करत नाहीत. जांभळा रंग जितका फिका, तितक्या पेशी मेल्या. यंत्र आकडा देतं, आलेख उतरता निघतो आणि निबंधाच्या शेवटी ‘आश्वासक’ हा शब्द येतो.

पण त्या खळग्यात साबणाचं पाणी घातलं तरी जांभळा रंग फिका पडेल. ब्लीचिंग पावडर घातली तर विचारूच नका. म्हणून पेशी मेल्या हे पुरेसं नसतं. निरोगी पेशी किती मेल्या? नुसत्या काढ्याने किती मेल्या? नुसत्या सिल्व्हर नायट्रेटने किती? ही तिन्ही उत्तरं शेजारी ठेवलेली नसतील तर तो आलेख शोभेचा. आणि स्पष्टच सांगायचं तर अशी शोभा भरपूर आहे. झाड बदलायचं, धातू तोच, पेशी त्याच, निबंध नवा. प्राध्यापकांच्या बढतीला आणि पीएचडीला निबंध लागतात, स्वस्तात होणारा प्रयोग हाताशी आहे, त्यामुळे रानातलं एकेक झुडूप रांगेत उभं राहतं.

ताटली आणि माणूस यांच्यामधलं अंतर किती, याचं एक बोचरं माप कॅनडात निघालं. टोरंटोच्या वॉरेन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांची छाननी केली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडला: शिरेतून टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचतात ते साधारण ०.७ टक्के. हजारातले सात. बाकीच्यांचा मोठा भाग यकृत आणि प्लीहा अडवतात. चांदी वर्षानुवर्षं पोटात घेणाऱ्यांची कातडी कायमची निळसर-राखाडी पडते, हे डॉक्टरांना फार आधीपासून माहीत आहे. शरीरात गेलेली चांदी सहज बाहेर पडत नाही.

दुसरी अडचण धानाच्या शेतकऱ्याला चटकन कळेल. एकाच बांधावरच्या दोन झाडांचा पाला सारखा नसतो. आषाढातलं कोवळं पान आणि वैशाखातलं जून पान यांतलं टॅनिन वेगळं, पवनीच्या मातीतलं आणि साकोलीच्या मातीतलं वेगळं. काढा बदलला की कणाचा आकार बदलतो, वेष्टण बदलतं आणि त्याबरोबर परिणामही. औषधाची प्रत्येक गोळी मागच्या गोळीसारखीच हवी असते. कासाराला हे सांगावं लागत नाही; मुशीत तांबं किती आणि जस्त किती, यात हात चुकला की पितळ ठिसूळ होतं. पाल्याच्या काढ्यात मात्र कोणी किती टाकलंय याची पावती मिळत नाही.

‘हिरवी’ पद्धत म्हणून होणारं कौतुकही थोडं जपूनच घ्यावं. बोरोहायड्राइड, हायड्राझिन अशी त्रासदायक रसायनं टळतात हे खरं. पण सोन्याचे कण बनवायची एक जुनी, सर्वपरिचित रीत सायट्रेटची आहे. ते लिंबातल्या आम्लाचंच मीठ. आणि धातूचा क्षार दोन्हीकडे लागतोच, तो काही झाडाला लागत नाही.

तरीही या वाटेवर पुढपर्यंत गेलेली माणसं आहेत. मूळचे कर्नाटकातले, अमेरिकेत मिसुरी विद्यापीठात काम करणारे कट्टेश कट्टी यांनी चहातल्या ईजीसीजी या द्रव्याचं वेष्टण असलेले किरणोत्सारी सोन्याचे कण तयार केले. २०१२ साली त्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रोस्टेटच्या गाठी वाढवलेल्या उंदरांत २८ दिवसांनी गाठीचं आकारमान ८० टक्क्यांहून अधिक घटलं. कण शिरेतून न देता थेट गाठीत टोचले होते, त्यामुळे यकृताचा अडसर टळला. या सोन्याची किरणोत्सारिता दर २.७ दिवसांनी निम्मी होते. इथे वनस्पतीतून घेतलेली गोष्ट म्हणजे नाव-गाव माहीत असलेला एकच रेणू आहे. ‘चहाचा काढा’ असं मोघम काही नाही.

कॅन्सरच्या वॉर्डात वनस्पती आणि धातू दोन्ही फार आधीच पोचले आहेत, पण ते असेच, शुद्ध आणि मोजून. अंगणातल्या सदाफुलीतून निघालेलं व्हिन्क्रिस्टिन रक्ताच्या कॅन्सरच्या लहान मुलांना देतात. प्लॅटिनमपासून बनलेलं सिसप्लॅटिन बार्नेट रोझेनबर्ग यांना १९६५च्या सुमारास जंतूंवरच्या एका वेगळ्याच प्रयोगात अवचित सापडलं, १९७८ साली अमेरिकेत मान्य झालं आणि तोंडाच्या कॅन्सरवर आजही वापरलं जातं. नॅनो आकाराचं पहिलं मान्यताप्राप्त कॅन्सर-औषध, १९९५चं डॉक्सिल, हे चरबीच्या सूक्ष्म पिशवीत भरलेलं जुनंच औषध होतं. धातूच्या ऑक्साइडचे कण युरोपात मान्य झाले आहेत: मेंदूच्या गाठीसाठी लोखंडाचे, सार्कोमासाठी २०१९ मध्ये हॅफ्नियमचे. पाल्याच्या काढ्यात बनवलेल्या धातुकणांचं एकही औषध कॅन्सरवर मान्य झालेलं नाही.

भंडाऱ्याच्या पितळेला जवळची वाटावी अशी एक गोष्ट मुंबईत चालू आहे. टाटा स्मारक केंद्रात डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकारी द्राक्षाच्या सालीत आढळणारं रेझव्हेराट्रॉल आणि अगदी सूक्ष्म मात्रेतलं तांबं एकत्र देऊन पाहत आहेत. हे नॅनोकण नव्हेत. दोन्ही एकत्र आले की ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार होतात आणि मरणाऱ्या पेशींतून बाहेर सांडलेले डीएनएचे तुकडे त्यांनी मोडावेत अशी कल्पना आहे. २०२४च्या फेब्रुवारीत टाटा स्मारकातलेच डॉ. राजेंद्र बडवे यांनी या शंभर रुपयांच्या गोळीबद्दल सांगितलं आणि देशभर बातमी झाली. पुरावा लहान गटांवरचा आहे, असं अनेक डॉक्टरांनी लगेच बजावलं. मोठ्या चाचण्यांतून काय निघतं त्यावरच हिचं भवितव्य ठरेल. तोवर तांब्याच्या लोट्यातलं पाणी आणि मूठभर द्राक्षं म्हणजे ही गोळी नव्हे.

पुण्याच्या त्या कामाची पुढची कथाही ऐकण्यासारखी आहे. मुरली शास्त्री नंतर टाटा केमिकल्सच्या पुण्यातल्या संशोधन केंद्रात गेले. २००९च्या डिसेंबरात कंपनीने ‘स्वच्छ’ नावाचं पाणी शुद्ध करणारं, विजेशिवाय चालणारं यंत्र बाजारात आणलं. त्यात भाताच्या तुसाची राख होती आणि तिच्यावर चांदीचे नॅनोकण. कॅन्सरच्या गाठीपर्यंत पोचण्याआधी चांदीचे कण घरातल्या पाण्यापर्यंत पोचले, तेही भंडाऱ्यात गिरणीगणिक ढिगाने पडणाऱ्या तुसावर बसून. जंतू मारायला चांदी शिरेत घालावी लागत नाही, म्हणून ते काम आधी जमलं.

मधल्या काळात भंडाऱ्याच्या पानठेल्यावर दुसराच प्रयोग रोज होतो. सुपारीची कात्रण, तंबाखू, चुना. पन्नीत घोटून खर्रा तयार. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं की तंबाखू नसली तरी नुसती सुपारीसुद्धा माणसात कॅन्सर घडवते. पूर्व विदर्भातल्या तोंडाच्या कॅन्सरचा उगम शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. मोबाइलवर फिरणारा ‘कडुनिंबाच्या नॅनोने कॅन्सर गायब’ असा निरोप वाचून एखादा रुग्ण तीन-चार महिने काढा पीत बसतो आणि तेवढ्यात गाठ मानेपर्यंत उतरते. बाटलीतले कण घरी बनवून प्यायचा विचार तर कोणी चुकूनही करू नये.

तोंडातला फोड किंवा पांढरा-लाल चट्टा तीन आठवड्यांत बरा झाला नाही, जबडा पुरता उघडेनासा झाला, गिळताना टोचू लागलं, तर पाल्याच्या मागे न लागता आधी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात तोंड दाखवा. तिथून पुढे पाठवलं तर नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. आणि जाताना खिशातली पन्नी घरीच टाकून जा.